चपडा, सरस आणि चुना

२०२१ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आमच्या माजघरात ते पुरुषभर उंचीपर्यंत चढले, आणि ओसरले तेव्हा भिंतींवर, भांड्यांवर, देवघरातील चौरंगावर आणि तीन पिढ्यांच्या लाकूडसामानावर चिखलाचा करडा लेप ठेवून गेले. घर धुऊन काढण्यात आठवडा गेला. त्यानंतर अंगणात जे दृश्य दिसले, त्यानेच मला हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले आहे. एका बाजूस आम्ही गेल्या दहा-बारा वर्षांत हौसेने घेतलेल्या कपाटांचा आणि पलंगांचा ढीग होता. लाकडाचा भुसा रासायनिक डिंकात कालवून व दाबून केलेल्या त्यांच्या फळ्या पाण्याने फुगल्या होत्या, कडा उकलल्या होत्या, आणि नुसते बोट दाबले तरी त्यांचा लगदा हातात येत होता. दुसऱ्या बाजूस आजोबांनी एका कचेरीच्या लिलावात घेतलेले दप्तराचे सागवानी टेबल, वेताच्या सहा खुर्च्या आणि आजीचे फडताळ एवढे सामान होते. त्याचे सांधे सुटले होते, पॉलिश पांढरे पडले होते, वेत लोंबत होते. परंतु लाकूड मात्र शाबूत होते.

पहिला ढीग कचऱ्याच्या गाडीतून गेला. दुसरा आज घरात आहे, आणि तो आम्ही घरच्या माणसांनीच, बहुतांशी स्वतःच्या हातांनी, पुन्हा उभा केला आहे. हे आमचे कौशल्य नव्हे. ज्या कारागिरांनी ते सामान घडविले, त्यांनी ते उलगडण्याची वाट त्यातच ठेवली होती. सरस ऊन पाण्याने विरघळतो, चपड्याचे पॉलिश स्पिरिटने विरघळते, वेत कापून नवा ओवता येतो, आणि चुन्यावर चुना पुन्हा बसतो. जे असे सुटे करता येते ते साध्या गृहस्थाला, थोड्या शिकवणीने आणि पुष्कळ धीराने, परत जुळविता येते. जे सुटे होतच नाही ते बिघडले म्हणजे फेकून देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घरासाठी कोणतीही वस्तू घेताना, कोणताही रंग निवडताना, ही कसोटी मी हल्ली सर्वांत आधी लावतो.

त्या दिवसांत शहरातील प्रत्येक सुताराकडे इतकी कामे तुंबली होती की दिवाळीपर्यंत कोणी येण्याची आशा नव्हती. आमच्या आळीत एक वृद्ध मिस्त्री राहतात. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून रंधा त्यांनी खाली ठेवला आहे. परंतु रोज दुपारी ते आमच्या पडवीत येऊन बसत आणि आम्हाला सांगत. पहिल्या दिवशी मी टेबलाचा अडकलेला खण ओढू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबविले. "मास्तर, आत्ता ओढाल तर तोंड फुटेल. लाकूड सुकलं की तो आपणच सुटेल." पाणी प्यालेले लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते, त्यामुळे खणाच्या बाजू चौकटीत आवळल्या जातात, आणि जोर केला तर सांधा नव्हे, लाकूडच तुटते. उन्हात ठेवावे तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि फळी वाकते किंवा चिरते. म्हणून आम्ही सारे सामान गोड्या पाण्याने चिखल ओला असतानाच धुतले आणि पडवीच्या सावलीत, खाली विटा घालून, चारी बाजूंनी वारा लागेल असे ठेवले.

ते सुकले हे ओळखावे कसे? हात लावून कळत नाही, कारण वरून कोरडे दिसणारे लाकूड आत महिनोन्‌महिने ओल धरून असते. मिस्त्रींनी सांगितलेली युक्ती इतकी साधी आहे की ती प्रत्येक घरी ठाऊक असावी. जो खण प्रथम सुटला तो आम्ही दर रविवारी वाण्याच्या तराजूवर तोलू लागलो आणि वजन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपू लागलो. श्रावणात ते आठवड्याआठवड्याला उतरत होते, भाद्रपदात रेंगाळले, आश्विनात सलग तीन रविवार तेच भरले. तेव्हा काम सुरू करण्यास आम्हाला परवानगी मिळाली.

टेबल उलटे केले तेव्हा त्याची घडण प्रथमच नीट दिसली. पायाच्या माथ्यात खाच, आडव्या पट्टीच्या टोकाला तीत बसणारे कुसू, आणि दोहोंतून आरपार ठोकलेली लाकडाची मेख. लोखंडाचा खिळा एकही नाही. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांस पटाशीने कोरलेल्या बारीक रेघा होत्या: पहिल्या कोपऱ्यास एक, दुसऱ्यास दोन, याप्रमाणे चारपर्यंत, जेणेकरून सुटे झालेले तुकडे पुन्हा आपापल्या जागीच बसावेत. ज्या माणसाने हे टेबल केले त्याने ते कधीतरी कोणीतरी सोडवील हे गृहीत धरले होते. आजोबांना या रेघा ठाऊक होत्या की नाही कोण जाणे.

पुराच्या पाण्याने सांध्यांतील सरस भिजून नरम झाला होता, त्यामुळे मेखा काढताच पाय अलगद सुटले. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला चिकट पदार्थ. तो रात्रभर गार पाण्यात भिजवून, मग पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून मंद आचेवर पातळ करावा लागतो. प्रत्यक्ष विस्तवावर ठेवून उकळला तर त्याचे बळ जाते. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आल्यावर हा सारा खटाटोप संपला आणि सुतारांचे श्रम वाचले, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. नव्या फळ्यांसाठी मीही तोच वापरतो. परंतु वाळलेल्या पांढऱ्या डिंकावर नवा डिंक धरत नाही, जुना थर कुसवावरून खरवडून पूर्ण काढावा लागतो, आणि त्या खरवडण्यात कुसू झिजून खाचेत ढिले होते. सरसाचे तसे नाही. जुन्यावर नवा ऊन सरस लावला की दोन्ही एकजीव होतात. म्हणून जुन्या सामानाला सरसच लावावा. सांधे आवळण्यासाठी लोखंडी शिकंजे नसतील तरी अडत नाही. चौकटीभोवती सुतळीचे चार वेढे घालावेत, मध्ये काठी अडकवून पीळ द्यावा आणि काठी टेकून ठेवावी. एक रात्र गेली की काम झाले. कर्ण मात्र दोन्ही मोजून पाहावेत. दोन्ही सारखे भरले म्हणजे चौकट काटकोनात आहे.

आता पॉलिशाकडे वळतो, कारण घरातील जुन्या सामानाचे रूप पालटविणारे दुसरे कोणतेही साधन इतके स्वस्त, इतके सुंदर आणि इतके क्षमाशील नाही. पळस, बोर आणि कोशिंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा सूक्ष्म कीटक राहतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतो. ती फांद्यांवरची लाख खरवडून, धुऊन, वितळवून व पातळ पत्र्यासारखी ताणून तिचा चपडा होतो. झारखंड हे तिचे मोठे आगर आहे, आणि १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे तिच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. महाभारतातील लाक्षागृहामुळे लाखेचे ज्वालाग्राहित्व आपल्या स्मरणात राहिले आहे, परंतु तिचे दुसरे गुण घराघरांतील टेबलाखुर्च्यांवर शंभर वर्षे चमकत असूनही आपण विसरलो आहोत.

आधी हे पाहावे की सामानावर चपडाच आहे. दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब ठेवावा. मिनिटभरात तो भाग चिकट झाला तर चपडा, नाही झाला तर व्हार्निश किंवा त्याहून नवे काही. आमच्या टेबलावर पडलेला पांढरेपणा हा लाकडाचा दोष नव्हताच; चपड्याच्या थरात ओल शिरल्याने तो पांढरा दिसत होता. ज्या फळीवरचा थर अखंड होता तिच्यावर आम्ही नवे पॉलिश केलेच नाही. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, स्पिरिटने जेमतेम ओलावून, तीवरून हलक्या हाताने फिरविला. थर क्षणभर विरघळला, ओल निघून गेली, आणि लाकडाचा मधाळ रंग बोळ्याच्या मागोमाग वर आला. घरातील सगळी माणसे ते पाहण्यास जमली होती. पुरानंतर आमच्या घरात निर्भेळ आनंदाचा तो पहिला क्षण होता.

जिथे थर पार उडाला होता तिथे मात्र सारे पहिल्यापासून करावे लागले. काचकागद ८० नंबरापासून आरंभून १२०, १८० आणि शेवटी ३२० पर्यंत न्यावा, आणि तो नेहमी लाकडाच्या रेषांबरोबर घासावा. आडवा ओरखडा एकदा उठला की पॉलिश केल्यावर तोच आधी डोळ्यांत भरतो. एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा घालून मिश्रण रात्रभर ठेवावे व सकाळी फडक्याने गाळावे. भांडे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे असावे, कारण लोखंडाने चपडा काळवंडतो. लागेल तेवढेच करावे. कित्येक महिने बाटलीत राहिलेले द्रावण लावल्यावर वाळतच नाही. बोळा फळीवर टेकविताना चालता असावा आणि उचलतानाही चालताच असावा, मध्ये थांबला की खालचा थर विरघळून त्याचा ठसा उमटतो. आधी गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, शेवटी सरळ. बोळा अडखळू लागला तर त्याला जवसाच्या तेलाचा एकच थेंब. पातळ थर, मधे तासाभराची विश्रांती, पुन्हा थर, असे आम्ही तीन दिवसांत चौदा थर दिले. स्पिरिट विषारी आहे आणि झटकन पेटते. म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ निरांजनसुद्धा असू नये.

हे काम दसऱ्यानंतरच का करावे, याचेही कारण आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो. हवेत पावसाळी दमटपणा असला की त्या गार थरावर बाष्प धरते आणि पॉलिश लावता लावताच पांढरे होते. कोकणात आषाढ-श्रावणात पॉलिश करू नये या जुन्या मिस्त्रींच्या दंडकाचे मूळ इतके साधे आहे, आणि दिवाळीपूर्वी घर नवे करण्याची आपली रीत ऋतूला किती धरून आहे हेही त्यावरून समजते.

खुर्च्यांचे वेत माझ्या थोरल्या वहिनींनी विणले. पूर्वी अंध विद्यार्थ्यांच्या शाळांतून हे कसब शिकविले जाई, कारण ते सर्वस्वी बोटांचे काम आहे. वेताची पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवावी, चौकटीच्या भोकांतून दोन वेळा उभी, दोन वेळा आडवी आणि दोन वेळा तिरपी ओवावी; ओली विणलेली पट्टी वाळताना आकसते आणि बैठक आपोआप ताणून बसते. पहिल्या खुर्चीस वहिनींना नऊ दिवस लागले, सहाव्या खुर्चीस तीन.

भिंतींनी मला जे शिकविले ते अधिक कठोर होते. आमचे घर जांभ्या दगडाचे असून त्यास चुन्याचा गिलावा आहे. पुराच्या चार वर्षे आधी मी पुढच्या दोन खोल्यांचा गिलावा जागोजागी सिमेंटने भरून वर तेलरंग दिला होता. मागच्या खोल्या पैशाअभावी चुन्याच्याच राहिल्या. पुरानंतर मागच्या भिंती पौषापर्यंत कोरड्या झाल्या. पुढच्या भिंतींत मात्र ओल कोंडून राहिली, तेलरंगाला फोड आले, त्यामागून मिठासारखा पांढरा खार बाहेर पडला, आणि अखेर दुसऱ्या उन्हाळ्यात मला माझेच काम पटाशीने खरवडून काढावे लागले. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, भिजलेली भिंत त्याच्यातून वाळते. सिमेंट आणि तेलरंग ती वाट बुजवतात. हे मला कोणी आधी सांगितले असते तर दोन खोल्यांचा खर्च वाचला असता, म्हणून येथे इतक्या विस्ताराने सांगतो आहे.

जुना तेलरंग खरवडताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याचा संभव धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून, ओला असताना खरवडावा, तोंडास फडके नव्हे तर चांगला मुखपट बांधावा, आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

चुना लावणे मात्र मुलांना दुरून पाहण्याजोगे आहे. चुनकळी पाण्यात टाकताच पाणी उसळून उकळू लागते, म्हणून डोळ्यांना जपावे व भांडे धातूचे मजबूत घ्यावे. विझलेला चुना किमान एक दिवस मुरू द्यावा, गाळावा, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालावी, आणि भिंत आधी पाण्याने शिंपडून तीन पातळ हात द्यावेत. लावताना भिंत मळकट दिसते आणि मन खट्टू होते. पण हवेतील कर्बवायू शोषून चुना जसजसा पुन्हा दगड होत जातो, तसतसा तो उजळतो, आणि दुसऱ्या सकाळी दार उघडल्यावर खोलीतला उजेडच वाढलेला असतो.

टेबल आता पूर्वीच्याच खिडकीपाशी आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात कचेरीच्या काळातील शाईचा एक काळा डाग होता. तो ऑक्झॅलिक अॅसिडने निघू शकला असता, पण कोणत्या अनाम कारकुनाच्या हातून दौत लवंडली असेल याचा विचार घरात इतक्या वर्षांपासून होत आला आहे की तो आम्ही ठेवला. ४ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, खण जागी बसविण्यापूर्वी मिस्त्रींनी तो उलटा मागितला आणि पुतण्याच्या हाती शिसपेन्सिल दिली. खणाच्या तळाला आता लिहिलेले आहे: "चपडा, स्पिरिट, सरस. मेखा सागवानी. चौदा थर. शके १९४३."