साडेतीन की चार? लहान मुलांच्या श्वासनलिकेतील ट्यूबचे माप

श्वासनलिकेत ट्यूब टाकताना अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने मोठ्या माणसाचे सहसा बिघडत नाही. तान्ह्या मुलाचे तसे नसते. चार मिलिमीटरच्या वाटेला आतून चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, की व्यास निम्मा उरतो आणि हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो.

दीर्घकाळ असा दंडक होता की आठ वर्षांखालील मुलाला कफ, म्हणजे टोकाजवळचा फुगा नसलेलीच ट्यूब टाकायची. त्याचे मूळ बायो यांनी 1897 मध्ये मृतदेहांच्या स्वरयंत्राचे जे प्लास्टरचे साचे काढले, त्यांत होते. त्यांच्या आधारे एकेनहॉफ यांनी 1951 मध्ये क्रिकॉइड कूर्चेचे कडे हीच मुलांच्या श्वासमार्गातली सर्वांत अरुंद जागा असल्याचे मांडले. गोल ट्यूब तिथे आपोआप घट्ट बसते, मग कफ कशाला, असा हिशेब होता. 2003 मध्ये लिटमन यांनी जिवंत मुलांचे एमआरआय तपासले, तेव्हा ती जागा लंबगोल निघाली. लंबगोलात गोल ट्यूब बसवली की कुठे हवा गळते, तर कुठे अस्तर दाबले जाते.

वाइस व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये युरोपातील 24 केंद्रांतील 2,246 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. माप चुकल्याने ट्यूब बदलावी लागण्याचे प्रमाण बिनकफाच्या गटात 30.8 टक्के, तर कफवाल्या गटात अवघे 2.1 टक्के होते. ट्यूब काढल्यावर घशात घरघर होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले. जुना दंडक इथे मोडला, असे म्हणायला हरकत नाही.

मापाचे सूत्र सोपे आहे. दोन वर्षांपुढे वयाला चाराने भागून बिनकफासाठी चार, कफासाठी साडेतीन मिळवायचे. चार वर्षांच्या मुलाला कफाची साडेचारची ट्यूब येते. पूर्ण दिवसांच्या बाळाला बिनकफाची साडेतीनची, किलोहून कमी वजनाच्या बाळाला अडीचची लागते. करंगळीच्या जाडीवरून माप ठरवण्याची जुनी रीत भरवशाची नाही. सूत्राला वय लागते. वीटभट्टीवरच्या मजुराच्या मुलाचे वय मात्र अनेकदा अंदाजानेच सांगितले जाते. तिथे उंचीवरून माप काढणे बरे. कोणत्याही सूत्राने आलेल्या मापाच्या अर्धा कमी आणि अर्धा जास्त अशा दोन ट्यूब हाताशी हव्यातच.

सुदुंबऱ्यासारख्या मावळातल्या गावातून अत्यवस्थ मूल निघाले, तर जवळचे मोठे ठिकाण म्हणजे तळेगाव दाभाडेचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका मिळते. पण चाकण रस्त्याच्या गर्दीत, हलत्या गाडीत ट्यूबचा हट्ट धरू नये. लॉस एंजेलिस परिसरातील 830 मुलांवरच्या, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयाबाहेर ट्यूब टाकल्याने बॅग-मास्कपेक्षा जास्त मुले वाचल्याचे दिसले नाही. मास्क नीट धरता येणे हे कौशल्य इथे अधिक मोलाचे.

रुग्णालयात ट्यूब टाकल्यावर खोली पाहावी लागते. दोन वर्षांपुढे वयाच्या निम्म्यात बारा मिळवले की ओठापाशी दिसायचा सेंटिमीटरचा आकडा येतो. मान वाकवली की ट्यूब खाली सरकते, मागे नेली की वर येते. म्हणून डोके सरळ ठेवूनच चिकटपट्टी लावावी. ट्यूब श्वासनलिकेतच आहे याची खात्री उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून करावी.

कफातला दाब साधारण 20 सेंटिमीटर पाण्याच्या आसपास राहावा. बोटाने चाचपून तो कळत नाही, आणि जास्त दाबाने अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. त्यामुळे कफाच्या ट्यूब मागवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने त्याच खरेदीत दाबमापकही मागवावा.