भिंतीच्या पोटात दडलंय काय?

ठक्! ठक्! ठक्!

मुलांनो, हा आवाज ओळखलात ना? मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठेही राहत असाल तरी मे महिन्याची सुट्टी लागली की कुणाच्या ना कुणाच्या घरात छिन्नी-हातोडा सुरू होतोच. आपण कानांत बोटं घालतो आणि म्हणतो, "संपणार तरी कधी यांचं काम?" गेल्या वर्षी हा आवाज आमच्याच घरातून येत होता, आणि कपाळाला आठ्या शेजाऱ्यांच्या पडल्या होत्या!

आमचं घर मुलुंडला, दुसऱ्या मजल्यावर. इमारत 1974 सालची, त्यामुळे लिफ्ट नाही. (हे लक्षात ठेवा हं, पुढे उपयोगी पडेल.) स्वयंपाकघराचा ओटा खचलेला, मोरीची फरशी तडकलेली, छताचे पोपडे अधूनमधून ताटात पडायचे. ठेकेदारांनी सगळं पाहून आकडा सांगितला, एक लाख ऐंशी हजार. "पंधरा दिवसांत चकाचक करून देतो, बाई!" आम्ही पैसे जमवले होते, तारीख ठरवली, नारळ फोडला.

पहिल्याच दिवशी पेच पडला. आमच्या स्वयंपाकघरात आणि बाहेरच्या खोलीत एक भिंत आहे. ठेकेदार म्हणाले, "ही पाडून टाकू. घर केवढं मोठं दिसेल!" माझ्या मुलीनं तर टाळ्याच पिटल्या. मलाही मोह झाला, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू जिना चढून वर आल्या. एरवी गुडघ्यांमुळे त्या फारशा चढत नाहीत. धापा टाकत म्हणाल्या, "भिंत पाडणार म्हणे? आधी कुणा जाणत्याला विचारा गं. वर तुम्ही पाडाल, पण खाली आम्ही झोपतो."

काकूंचं बोलणं मला टोचलं. पण त्या उगाच घाबरल्या नव्हत्या. 25 जुलै 2017 रोजी आमच्या जवळच्याच घाटकोपर पश्चिमेला, दामोदर पार्क भागात, 'साईदर्शन' नावाची चार मजली इमारत सकाळच्या वेळी कोसळली. सतरा माणसं गेली. त्या इमारतीच्या तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं, आणि त्या कामात इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेला असा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरची माणसं तर आपापल्या घरात नेहमीची कामं करत होती.

एका खांबामुळे एवढं कसं होतं? दहीहंडी आठवा. घाटकोपरची हंडी तुम्ही पाहिली असेल. वरचा बाळगोपाळ सगळ्यांना दिसतो, पण सगळा भार असतो तळाच्या थरावर. तिथल्या एका गोविंदानं "मी जरा बाजूला होतो" म्हटलं तर? त्याच्या वाट्याचा भार क्षणात शेजारच्या दोघांवर येतो. त्यांना तो पेलला नाही तर मग त्यांच्या शेजारच्यांवर. इमारतीचे खांब म्हणजे तळाचे गोविंदा आणि तुळया म्हणजे त्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर टाकलेले हात. काही भिंती नुसत्या आडोशाला असतात, त्या काढल्या तरी चालतात. पण काहींच्या पोटात खांब दडलेला असतो आणि वर सारखंच प्लास्टर असल्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. जुन्या बांधकामात तर काही ठिकाणी वरचा भार विटांची भिंतच पेलते.

आम्ही एका इंजिनिअरांना बोलावलं. त्यांची फी पाच हजार रुपये, हा आमच्या हिशेबाबाहेरचा पहिला खर्च. त्यांनी सोसायटीच्या कपाटातला जुना नकाशा मागवला, भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाले, "टोकाला खांब आहे, वर तुळई आहे. या भिंतीला हात लावायचा नाही." मुलगी दोन दिवस फुगून बसली.

इंजिनिअर जायला निघाले, तोच त्यांची नजर वर गेली. छताचा एक फुगवटा त्यांनी हातोडीनं वाजवला. भरीव काँक्रीट 'टण्' वाजतं, हे 'बद्द' वाजलं. थोडं खरवडलं तर आत सळई दिसली, लालभडक गंजलेली!

आता इथं आठवी-नववीच्या मुलांनी कान टवकारावेत. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही केलाय ना? आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो म्हणून तसं होतं. तोच प्रयोग आपल्या छतात वर्षानुवर्षं हळूहळू चालू असतो! सिमेंटच्या काँक्रीटमध्ये चुना असतो, म्हणून ते अल्कधर्मी असतं, आणि तोवर आतली सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड दरवर्षी थोडा थोडा आत शिरतो आणि ते संरक्षण संपवत जातो. त्यात मुंबईचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा. सळई गंजली की गंज मूळच्या लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. मग तो आतून ढकलतो, काँक्रीट फुगतं, तडकतं आणि आपल्या आमटीत पडतं.

इंजिनिअरांनी पिशवीतून एक बाटली काढली आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारा मारला. बाटलीत होतं फिनॉल्फ्थॅलीन, तुमच्या प्रयोगशाळेतलंच! आतला भाग सुंदर गुलाबी झाला. वरचा इंच-दीड इंचाचा थर मात्र तसाच राखाडी राहिला. "गुलाबी आहे तिथं काँक्रीट अजून निरोगी आहे," ते म्हणाले. सळया नेमक्या त्या राखाडी थरातच होत्या. सगळं सैल काँक्रीट काढणं, सळया तारेच्या ब्रशनं घासणं, फार झिजल्या तिथं नव्या जोडणं, मग खास मसाल्यानं भरणं. खर्च शेहेचाळीस हजार! हे पैसे टाळता येत नव्हते. आमची उन्हाळ्यातली कोकणची सहल त्या छतात गेली.

मग रांगच लागली. भिंत फोडली तर आतले लोखंडी पाइप गंजानं एवढे भरलेले, की पाणी जायला पेन्सिलीएवढी जागा. अठ्ठावीस हजार. विजेच्या तारांना अर्थिंगच नव्हतं, एकतीस हजार. खोलीचा एकही कोपरा काटकोनात निघाला नाही! गुण्याच्या एका बाजूला नेहमी फट. त्यामुळे कडेची प्रत्येक टाइल कापावी लागली, वाया गेली, आणि साडेसात हजारांच्या टाइल्स जास्त आणाव्या लागल्या. आणि राडारोडा? फोडलेली भिंत उभ्या भिंतीपेक्षा जास्त जागा खाते हो, कारण तुकड्यांमध्ये पोकळी राहते. एकूण अठ्ठावन्न गोण्या भरल्या. लिफ्ट नाही हे सांगितलं होतं ना? ज्या दोघांनी त्या पाठीवरून दोन जिने उतरवल्या, त्यांची मजुरी आणि टेम्पो मिळून साडेचौदा हजार लागले. ठेकेदारांच्या आकड्यात त्याची एक ओळही नव्हती. सगळी बेरीज तुम्हीच करा आणि मूळच्या आकड्यात मिळवा. माझं उत्तर आलं तीन लाख बारा हजार.

ठेकेदार लबाड होते का? मी बरेच दिवस तसंच म्हणत होते. पण भिंतीच्या आत काय आहे ते त्यांनाही दिसत नव्हतं. त्यांची चूक एवढीच, की "आत काय निघेल सांगता येत नाही" हे त्यांनी आधी सांगितलं नाही. आणि आम्ही विचारलंही नाही.

आईबाबांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. दारं-खिडक्यांचा जुना तेलरंग कोरडा घासू देऊ नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगांत शिसं पुष्कळ असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. आम्ही रंग ओला करून काढायला लावला, आणि मुलीला त्या दिवसांत मावशीकडे मुलुंड कॉलनीत धाडलं.

पंधरा दिवसांचे सहा आठवडे झाले. जून उजाडला, शाळा उघडली, पाऊस आला, आणि शेवटचं काम उरलं ते मोरीचं. विटांचा कोबा घातला, जाळीकडे ढाळ काढला. मग मिस्त्रींनी जाळीचं तोंड घट्ट बंद केलं आणि मोरीत चार बोटं पाणी भरून ठेवलं. "दोन दिवस कुणी आत जायचं नाही. खाली गळलं तर सगळं पुन्हा." दोन दिवस आम्ही समोरच्यांकडे अंघोळी केल्या, बादल्या घेऊन जिन्यात रांगेनं उभे राहिलो.

आमच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावरचं घर बंद होतं. त्याची किल्ली काकूंकडे असायची. तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यांवर हात ठेवत त्या पहिल्या मजल्यापर्यंत चढल्या. मी आणि मुलगी मागोमाग. काकूंनी दिवा लावला, चष्मा पुसला आणि मान वर करून छताचा कोपरा न् कोपरा पाहिला. बाहेर पाऊस कोसळत होता.

"कोरडं आहे," काकू म्हणाल्या. "जा, काढा ते पाणी. आणि मग चहाला या खाली."