मला पुरं बोलू दे

मुधोळ म्हटलं की बहुतेकांना कर्नाटकातलं मुधोळ आठवतं आणि तिथले सडपातळ शिकारी कुत्रे. आमचं मुधोळ वेगळं. बासरच्या सरस्वतीचं दर्शन घेऊन भैंसाच्या रस्त्याला लागलात की वाटेत येतं ते. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ साली तेलंगणात नवे जिल्हे झाल्यापासून निर्मल जिल्ह्यात आहे. पलीकडे धर्माबाद, नांदेड, म्हणजे महाराष्ट्र. आमच्यापैकी अनेकांचं माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात असतं.

आपल्या अंकासाठी मुलांना इंग्रजी शिकण्याबद्दल काहीतरी लिहा, असं मला सांगितलं गेलं. शब्दांच्या याद्या आणि व्याकरणाचे नियम तुम्हाला मोबाइलवर हवे तेवढे मिळतील. मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. भाषा शिकायला दोन माणसं लागतात. एक, न थकता बोलत राहणारं. दुसरं, ते बोलणं संपेपर्यंत थांबणारं. पहिल्याच्या चिकाटीचं कौतुक सगळे करतात. दुसऱ्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.

चार भाषांचं गाव

मुधोळच्या एखाद्या मराठी घरातलं मूल दिवसभरात किती भाषा वापरतं ते बघा. आजीशी मराठी, शेजारच्या अक्काशी तेलुगू, बाजारात उर्दूच्या वळणाची हिंदी आणि शाळेच्या पुस्तकात इंग्रजी. यात त्याला काही विशेष वाटत नाही.

याला इतिहासही कारण आहे. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं, तेही उर्दू माध्यमातून. मुधोळ तालुका तेव्हा नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा या तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कलं आंध्र प्रदेशात गेली. धर्माबादचा भाग नांदेडकडेच राहिला. माणसं होती तिथेच राहिली, घरं तीच, शेतं तीच. कचेरीतल्या कागदांची भाषा मात्र बदलली.

अशा वेळी लोकांनी काय केलं असेल? ज्याला वाचता येत होतं त्याने दुसऱ्याला वाचून दाखवलं, दुसरं काय! हे अजूनही चालतं. आमच्याकडे एमआरओ ऑफिसबाहेर किंवा बँकेत एखादा म्हातारा तेलुगू किंवा इंग्रजी फॉर्म हातात धरून उभा असतो. रांगेतला कोणीतरी मुलगा विचारतो, ‘काय झालं मामा, दाखवा बघू.’ दोन मिनिटांचं काम असतं, त्याची नोंद कुठेच होत नाही. पण सीमेवरचं गाव अशा दोन-दोन मिनिटांवरच चालतं.

आठवीतली अट

आता मुलांच्या शाळेचं. २०१८च्या कायद्यापासून तेलंगणातल्या शाळांमध्ये तेलुगू विषय सक्तीचा होत गेला. सरकारी शाळांतही २०२२-२३पासून पहिली ते आठवीला इंग्रजी माध्यम आलं. म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला गणित आणि विज्ञान अशा भाषेत शिकायचं, जी घरात कुणीच बोलत नाही.

माझी भाची मुधोळला आठवीत होती तेव्हाची गोष्ट. हुशार पोरगी. पण विज्ञानाच्या तासाला उत्तर द्यायला उभी राहिली, वाक्याच्या मध्यावर अडखळली आणि वर्ग हसला. त्यानंतर दोन महिने तिने वर्गात तोंड उघडलं नाही. वहीत सगळं बरोबर, तोंडी परीक्षेत मात्र गप्प. घरच्यांना वाटलं, हिला विषयच जमत नाही. तिचं विज्ञान सुटणार की काय, इथपर्यंत गोष्ट आली होती.

मग तिने स्वतःच एक मार्ग काढला. रोज रात्री जेवणानंतर ती मला हैदराबादला एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवायची, इंग्रजीत. आज घरी काय केलं, शेतात कोण गेलं, म्हशीने दूध का दिलं नाही, असं काहीही. रविवारी फोनवर बोलायचं, तेही इंग्रजीत. त्यासाठी तिने एक अट घातली : ‘आत्या, मधी थांबवू नको. मला पुरं बोलू दे, मग सांग.’

ऐकायला सोपी वाटते ही अट, पण पाळायला अवघड. समोरचं माणूस शब्द शोधत असतं आणि तो शब्द आपल्या जिभेवर तयार असतो. आपण तो पटकन देतो आणि मदत केली असं आपल्याला वाटतं. खरं तर शब्द सापडायला आलेला असतो आणि आपण तो तिच्या हातातून काढून घेतलेला असतो. सुरुवातीच्या फोनवर मधेमधे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज यायचा. मी गप्प राहायचे. मग पुढचा शब्द यायचा.

दिवाळीनंतर एकदा तिने सांगितलं, लोखंडाला गंज का चढतो हे तिने वर्गात उभं राहून सांगितलं. ‘कोणी हसलं का?’ मी विचारलं. ‘एक जण हसला की. हसू दे. माझं पुरं झालं.’

रोझेलहून आलेलं पत्र

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे ते आनंदीबाई जोशींचं. त्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. पण त्यांच्या इंग्रजीकडे आपण फारसं लक्ष देत नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. नवव्या वर्षी लग्न झालं. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला, त्यामुळे बदल्या सारख्याच : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता. त्यांनी पत्नीला शिकवायचा ध्यास घेतला होता, पण ते फार कठोर होते आणि अभ्यासावरून हातही उचलत. रस्त्यात पुस्तकं घेऊन जाणाऱ्या मुलीला लोक टोमणे मारत, ते वेगळंच.

गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापूरहून वाइल्डर नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. मदत काही मिळाली नाही. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो वाचला. कुठे, तर दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या असताना! मासिक बाजूला ठेवून त्या विसरून गेल्या असत्या तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी घरी जाऊन एका अनोळखी मराठी मुलीला पत्र लिहिलं.

मग पत्रं येत-जात राहिली. एक पत्र समुद्रापार पोचायला कित्येक आठवडे लागायचे. आनंदीबाई इंग्रजीतून आपल्या चालीरीती, आपली तब्येत, आपले विचार लिहायच्या. त्या वाचणाऱ्या बाईंना परीक्षा घ्यायची नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, याच मुलीने श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात, आपण अमेरिकेला का जातो आहोत, हे लोकांसमोर इंग्रजीत सांगितलं. ७ एप्रिलला त्या पतीशिवाय कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. न्यूयॉर्कला त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटर मावशी हजर होत्या.

मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. क्षयाने त्यांना फार दिवस दिले नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.

चिकाटी आनंदीबाईंचीच होती, यात शंका नाही. पण त्या चिकाटीला पलीकडून उत्तर देणारं कोणीतरी होतं.

जे तुम्हाला आधीच येतं

इंग्रजी अवघड वाटणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते, तुमच्याजवळ बरंच काही आधीच आहे. मराठीत मुलगा ‘मी जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘मी जाते’. तेलुगूत दोघंही ‘नेनु पोतुन्नानु’च म्हणतात. इंग्रजीतही ‘आय गो’ दोघांना सारखंच. म्हणजे मुधोळच्या मुलाला ही सवय आधीपासूनच आहे.

नवीन आहे ते असं : मराठीत आणि तेलुगूत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच. ‘मी भाकरी खाते’ हे ‘आय ईट भाकरी’ असं होतं. म्हणून बोलताना आपण अडतो. मनात वाक्य मराठीच्या क्रमाने तयार असतं आणि ते तोंडात यायच्या आत उलटवावं लागतं. हा अडाणीपणा नाही. डोकं दुप्पट काम करत असतं, त्याला वेळ लागणारच.

दुसरी गंमत अदबीची. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे, तेलुगूत नुव्वु आणि मीरु. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मग आदर कुठे दाखवायचा? प्लीज, थँक यू, सॉरी, एक्स्क्यूज मी यांत. आपण आईला पाणी दिल्याबद्दल धन्यवाद म्हणत नाही. ‘घे गं’, ‘बसा ना’ यातच सगळा जिव्हाळा येतो. इंग्रजीत तो सुटा शब्द करून म्हणावा लागतो. म्हणून हे चार शब्द पाठ करून सोडू नका, ते रोज वापरा. रिक्षावाल्यालाही म्हणा.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ वेगळे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. इंग्रजीत दोन्हींना ‘वी’ एवढा एकच शब्द. समोरच्याला त्यात धरलंय की नाही, ते आपल्या वागण्यावरूनच त्याला कळतं.

आता तुमच्याकडे

हा अंक वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचं इंग्रजी चांगलं आहे. हैदराबाद, पुणे, बंगळुरू किंवा त्याहून लांब तुम्ही वाढलात, त्यात आईवडिलांचे कष्ट आहेत. गावाकडचा चुलतभाऊ सुट्टीत येतो आणि तुमच्या मित्रांसमोर गप्प बसतो. बाबा काउंटरवर इंग्रजीत बोलताना थांबतात आणि तुम्ही पुढे होऊन वाक्य पूर्ण करता. आजी ‘व्हॉट्सअॅप’ वेगळंच म्हणते आणि घरभर हसू होतं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण ज्याच्यावर हसलं जातं तो पुढच्या वेळी बोलत नाही, एवढं नक्की.

म्हणून तुमच्यासाठी काम अगदी लहान आहे. इंग्रजी शिकू पाहणारं एक माणूस शोधा : मामेबहीण, कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा, स्वतःची आजीसुद्धा चालेल. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं त्यांच्याशी बोला. ते बोलत असताना शब्द पुरवू नका. बोलणं संपल्यावर एकच चूक सांगा, सगळ्या नाही. आणि ते काय म्हणाले त्यावर खरा प्रश्न विचारा, म्हणजे त्यांना कळेल की तुम्ही भाषा तपासत नव्हता, ऐकत होता.

आणि जे शिकत आहेत त्यांनी रोज एक मिनिट बोला, मोठ्याने बोला. कोणी मधे तोडलं तर माझ्या भाचीसारखं सरळ सांगा : थांबा जरा, मला पुरं बोलू द्या.