पेणमध्ये काय काय बसतं

“आबा, बसला!” मागच्या खोलीतून पोरगा ओरडतो आणि पडवीतल्या सगळ्यांचे हात थांबतात.

कासार आळीतला हा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबोळकी पडवी, मागे दोन खोल्या आणि पाय ठेवायला जागा उरणार नाही इतके गणपती. आषाढ चालू आहे. पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की साधं बोलायलाही आवाज चढवावा लागतो. आबा हातातला ब्रश डब्यावर आडवा ठेवून मागे जातात, मी त्यांच्या पाठोपाठ. शाडूची दीड फुटी मूर्ती आहे, काल साच्यातून काढलेली. हवेत ओल, त्यामुळे माती आतून वाळलेलीच नाही. वरचा भार खाली आलाय, पोट मांडीवर टेकलंय, सोंड एका अंगाला कललीय. आबा दोन बोटांनी पोट चाचपतात आणि मान हलवतात.

“बसला म्हणू नये. दबला म्हण.”

“पण बसलाच ना, आबा?”

“अरे, बसतो तो गिऱ्हाइकाच्या घरी. आपल्याकडे दबतो.”

पोरगा हसत मूर्ती मोडतो, माती पुन्हा पिंपात टाकतो. तिचं काही वाया जात नाही. शाडू भिजवली की परत मऊ होते. गेला तो दिवस.

आबा हात पुसतात न पुसतात तोच फोन. डोंबिवलीचं जुनं गिऱ्हाईक. “हो हो, दीड दिवस बसतो तुमच्याकडे, लक्षात आहे माझ्या. पाट तोच ना मागचा? मग बसेल पाटावर, काळजी करू नका. घरपोच कितीला बसेल ते टेम्पोवाल्याला विचारून सांगतो.” एका दमात तीन ‘बसणं’ झाली. पहिलं प्रतिष्ठापनेचं, दुसरं मापाचं, तिसरं पैशाचं. पलीकडच्या माणसाला एकाचाही उलगडा करून द्यावा लागला नाही. मघाशी मागच्या खोलीत हाच शब्द नुकसान सांगत होता, आणि ते शब्द बदलून टाळायला आबा बघत होते. दिवा विझला म्हणत नाहीत, कुंकू पुसलं म्हणत नाहीत, त्यातलंच हे.

मी पडवीच्या कडेला एका उपड्या डब्यावर जागा धरतो. माझं बसणं हे इथलं सगळ्यात बिनकामाचं बसणं.

समोर रांगेत सफेदी मारलेल्या मूर्ती आहेत. काही लोडाला टेकलेल्या, काही सिंहासनावर, एक पाय दुमडून उंदराशी खेळणारी एक. पण त्यांच्यात चार-पाच सरळ उभ्या आहेत, आणि एक तर एका पायावर नाचतेय. चतुर्थीला या सगळ्याच ‘बसणार’. नाचणारा गणपती घरी नेला तरी शेजारी “तुमच्याकडे किती दिवस नाचतो?” असं विचारत नाहीत. बसणं म्हणजे आसन हा अर्थ इथे केव्हाच मागे पडलाय. आपल्या ठिकाणी येणं, तिथे ठरणं, एवढंच त्यात उरलंय. नवरात्रात घट बसतात ते असेच. घटाला कुठे गुडघे असतात?

शब्द तसा जुना आणि सोवळ्यातला. संस्कृतातल्या ‘उपविश्’पासून घासत घासत ‘बैसणे’ झालं, ते संतांच्या ओव्या-अभंगांत ठायी ठायी दिसतं; मग बोलण्यात ‘बसणे’ उरलं. ‘उपनिषद’ या शब्दातही जवळ जाऊन बसणंच आहे, धातू तेवढा वेगळा. उपनिषदांवर आयुष्यभर चिंतन करणारे विनोबा याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मले.

आबांचा थोरला मुलगा आखणीला बसलाय. आखणी म्हणजे डोळे. कारखान्यात ओतकाम, जोडकाम, घासकाम, बॉडी कलर ही कामं कोणालाही शिकवता येतात. आखणी एखाद्यालाच जमते. तो श्वास रोखून बारीक ब्रशनं पापणीची रेघ ओढतो, मागे सरकून बघतो, परत पुढे होतो. “डावा बसला,” तो स्वतःशीच पुटपुटतो. “उजवा बसेना.” उजव्या बुबुळात केसभर फरक आहे, मला तर तोही दिसत नाही. तो ओल्या फडक्यानं बुबुळ टिपून नव्यानं काढतो. मी विचारतो, “हात बसायला किती वर्षं लागली?” तो म्हणतो, “अजून बसतोच आहे.”

त्याच्या शेजारचा मुलगा पितांबराला रंग मारतोय. त्याची चिंता वेगळी: सफेदीवर रंग नीट बसला नाही की पोपडा धरतो. पावसाळ्यात पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारला तर खालचा उठतो. रंगाच्या बाबतीत उठणं वाईट, बसणं चांगलं. मातीचं तसं सरळ नाही. पिंपातली शाडू रात्रभर ठेवली की जाड कण तळाला बसतात आणि वर पाणी येतं, ते बसणं चांगलं की वाईट हे आपल्याला गाळ हवाय की निवळ यावर ठरतं.

यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टलाच होती. अठरा दिवसांची ही सवड शाडूवाल्यांना सोन्यासारखी आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवलं की काही मिनिटांत घट्ट होतं. शाडूला दिवस लागतात, आणि पावसात तर तिच्यापुढे मोठे बल्ब लावून ठेवावे लागतात. म्हणून शाडूची मूर्ती महाग बसते.

चहा येतो. चहाबरोबर टेम्पोवाला दादाही येतो, भिजलेला. त्याला खुर्ची नाही. तो उंबऱ्यावर टेकतो. विषय निघतो तो धंद्याचा, आणि इथे मी कान टवकारतो, कारण पुढची दहा मिनिटं हा एकच शब्द दोन्ही बाजूंनी बोलतो.

आबा सांगतात की त्यांच्या वडिलांच्या वेळी धंद्याचा जम बसला, घडी बसली. मग २०२० साल उजाडलं. मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मूर्तींबद्दलची नवी नियमावली आली आणि प्लास्टरवाल्यांना पहिला धक्का बसला. ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ रायगडावर आदळलं; पत्रे उडाले, भिजलेल्या मूर्ती गेल्या, त्याचा फटका बसला. त्याच वर्षी करोनामुळे सरकारनं घरगुती मूर्तीला दोन फुटांची आणि मंडळाच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली, मोठ्या मूर्तींना चाप बसला. “आणि धंदा?” मी विचारतो. “धंदा बसला,” आबा म्हणतात.

म्हणजे जम बसला तर धंदा उभा, आणि नुसता धंदाच बसला तर आडवा. परक्या माणसाला हे कसं समजवायचं मला माहीत नाही. मराठी माणसाला समजवावंच लागत नाही. कोण बसतंय ते बघायचं. ज्याचं काम खाली येऊन टेकणं आहे, घडी, जम, साचा, गाठ, विश्वास, ते बसलं की बरं. ज्याचं काम वर राहणं आहे, भिंत, छप्पर, घसा, धंदा, ते बसलं की संपलं. बँक मात्र बसत नाही, बुडते. २०१० मध्ये इथली बँक बुडाल्यानंतर पेणकरांना तो फरक कोणी सांगायला नको.

प्लास्टरचा तिढा पुढेही चालूच राहिला. गेल्या वर्षी जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायचं नाही असं बजावलं. हमरापूरकडचे प्लास्टरवाले तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकत होते. आबा शाडूवाले, त्यांना त्याचं फारसं सुखदुःख नाही. ते एवढंच म्हणतात, “तो एक ॲडव्हान्स घेऊन बसला होता, दुसरा माल ओतून बसला होता. काय करणार?”

या वाक्यात आणखी एक खुबी आहे, ती सोडवत नाही. ‘घेऊन बसला’, ‘ओतून बसला’, ‘बोलून बसला’: झालं ते झालं, आता परत फिरता येत नाही, आणि थोडा पश्चात्तापही. आणि ‘घेत बसला’, ‘ओतत बसला’, ‘बोलत बसला’: संपतच नाही, वेळ वाया. एका ऊन-तचा फरक. दोन्हीकडे माणूस प्रत्यक्षात उभा असला तरी चालतं. मघाशी आबा रंगाऱ्या पोरावर खेकसले ते “उभा काय राहिलायस बघत बसून!” असं, आणि त्या पोरालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

टेम्पोवाला दादा कप खाली ठेवतो आणि आबांच्या मुलाकडे बघून भुवया उडवतो. “काय, श्रावण लागायच्या आधी एकदा बसूया की.” हे बसणं वेगळं, त्यात ग्लास असतात. आबांना ऐकू गेलेलं नाही, किंवा गेलेलं आहे. दादा उठतो तसा मीही उठतो, कारण मला हमरापूरला जायचंय.

नाक्यावर मिनिडोर उभी आहे. पुढच्या बाकावर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं, मागे समोरासमोर बाकं खच्चून भरलेली. “सरका जरा, अजून एक बसतो.” बसतो म्हणजे बसवला जातो. माझ्या मांडीवर कोणाची तरी भाजीची पिशवी बसते. मागून एसटी येऊन हॉर्न देते तशी बाजूची आजी नातवाला खाली ओढते: “बस, बस, बस जाऊ दे.” पहिला बस मराठी, बूड टेकवायचा. दुसरा फारसीतून आलेला, पुरे म्हणणारा. तिसरा इंग्रजांच्या गाडीचा, आणि तो मुळात लॅटिन ‘ओम्निबुस’चं शेपूट, ‘सर्वांसाठी’ या अर्थाचं. तीन मुलखांतले तीन शब्द, एकमेकांचे कोणी लागत नाहीत, आणि आजीच्या तोंडी एका घासात. नातवाला तिन्ही समजतात. भाडं किती बसलं ते मी उतरून विचारतो, देतो.

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर या पट्ट्यात घर आणि कारखाना यांच्यात भिंत नाही. ओटीवर गणपती, मागीलदारी गणपती, जिन्याखाली गणपती. रस्त्याकडेच्या शेडमध्ये रबरी साच्यांतून प्लास्टरचा माल निघतोय. परदेशी जायचा माल उन्हाळ्यातच कंटेनरमध्ये बसून गेला. आता चाललंय ते मुंबई-पुण्याचं. एका ओटीवर चार बाया हिरेकाम करतायत. मुकुटावर, बाजूबंदावर, पितांबराच्या काठावर खडे चिकटवायचे. काडीच्या टोकाला मेण, त्या मेणावर खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा, दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. खडा वाकडा बसला तर गोंद ओला आहे तोवरच हलवता येतो. मी बघतोय तोवर वहिनींच्या हातून एक अख्खा मुकुट भरून होतो, आणि सगळा वेळ त्या माझ्याशी बोलतायत, माझ्याकडे न बघता.

मी विचारतो, वहिनी, तुम्ही काय करता?

“मी? मी काही नाही. घरीच बसते.”

बाकीच्या तिघींनाही यात वावगं वाटत नाही. त्यातली एक तर पुस्ती जोडते, “हिची मोठी जाऊ नोकरीला जाते, पनवेलला.” म्हणजे जाते ती कामाची, बसते ती रिकामी. नगावर पैसे मिळतात, आठवड्याला हिशेब होतो, त्यातून मुलाची फी जाते, हे त्याच सांगतात; तरी त्याचं नाव काम नाही. सकाळची भांडी झाल्यावर मांडी घालून बसतात त्या दुपारच्या जेवणापर्यंत, मग परत दिवेलागणीपर्यंत. कंबर धरते, पायाला मुंग्या येतात, संध्याकाळी उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागतं. मुकुट मोजले जातात, बसणं मोजलं जात नाही.

“उद्या येऊ नका हां,” वहिनी म्हणतात. “उद्या बैठक आहे.” रायगडात बैठक म्हटल्यावर कसली ते विचारत नाहीत, रेवदंड्याच्या धर्माधिकारींची, दासबोधाच्या निरूपणाची. आठवड्यातून एकदा त्या तिथे जाऊन बसतात. तेवढं एक बसणं त्यांचं स्वतःचं.

मालक पिशवीतून खड्यांची नवी पाकिटं आणून ओटीवर टाकतो, वहीत चौघींच्या नावापुढे आकडे लिहितो. चांगला माणूस आहे, हसून बोलतो. मी त्याला विचारतो, तुमच्याकडे किती जण कामाला? तो शेडमधली पोरं मोजतो, ओतणारे, घासणारे, रंगवणारे. ओटीवरच्या चौघी त्या मोजणीत येत नाहीत.

‘बसणे’ या शब्दाचा ‘काही न करता राहणे’ असाही एक अर्थ आहे, आणि तो महाराष्ट्रभर चालतो. हमरापूरच्या ओटीवर तो खोटा आहे.