धुराचा रंग आणि जुन्या गाडीची किंमत

जुनी मोटार घेण्यासाठी कर्ज मागणारा ग्राहक शाखेत येतो, तेव्हा त्याच्या हाती आर.सी. बुक, विमापत्र आणि पी.यू.सी. प्रमाणपत्र असते. मूल्यांकनाचा अहवालही यथावकाश येतो. या कागदांवरून गाडीचे वय, मालकी आणि बाजारभाव कळतो. सिलिंडरच्या आत काय चालले आहे, ते मात्र त्यांतून क्वचितच उमगते. पी.यू.सी.च्या चाचणीत पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात, ती प्रदूषणाच्या मर्यादेपुरती. इंजिन आणखी किती वर्षे टिकेल, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाईही नसते. खरेदीनंतर दोन महिन्यांत इंजिन उघडावे लागले, तर तो खर्च आपल्याच खिशातून जातो आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून सौदा ठरण्यापूर्वी सायलेन्सरच्या मागे पाच मिनिटे उभे राहावे.

प्रथम एक अनाठायी भीती दूर करू. दिल्लीच्या किंवा नागपूरच्या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की मागून पांढरा पुंजका निघतो. तो धूर नव्हे, वाफ होय. पेट्रोलमधील हायड्रोजन जळताना त्याचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण एक लिटर पाणी तयार होते. सायलेन्सर थंड असेपर्यंत ते दिसते, तापल्यावर दिसेनासे होते. सी.एन.जी.च्या गाडीत ही वाफ अधिकच असते.

इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, हवेत रेंगाळला आणि त्याला गोडसर वास असला, तर मात्र सावध व्हावे. हेड गॅस्केट फुटून किंवा हेडला तडा जाऊन कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी असते. इंजिन थंड असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. आतल्या बाजूस दुधाळ कॉफीसारखा थर असेल, तर शंका बळावते. (गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याचे धाडस कोणीही करू नये.) डिझेल गाडीत पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचाही असतो, आणि त्याचा वास डोळ्यांना झोंबणारा असतो.

सर्वांत महाग पडतो तो निळसर धूर. तो इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताच निळा झोत टाकला आणि नंतर धूर थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सील झिजलेली असतात; ऑइल रात्रभर झिरपून खाली उतरलेले असते. हे काम तुलनेने कमी खर्चाचे. परंतु चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टन रिंगा किंवा खुद्द सिलिंडर झिजले असण्याचा संभव असतो आणि इंजिन पूर्ण खोलावे लागते. टर्बो असलेल्या गाडीत दोष टर्बोच्या सीलचाही असू शकतो. शिवाय जळलेल्या ऑइलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही हळूहळू निकामी होतो. ऑइल दाट करणारी द्रव्ये घालून हा धूर काही दिवस दडवता येतो, हे काही विक्रेत्यांना ठाऊक असते.

काळा धूर दिसायला भयंकर, पण पुष्कळदा स्वस्तात सुटतो. इंधन जास्त किंवा हवा कमी, एवढाच त्याचा अर्थ. तुंबलेला एअर फिल्टर, बिघडलेला सेन्सर वा इंजेक्टर ही नेहमीची कारणे. देशात १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानके लागू झाली. त्यानुसार बनलेल्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर असतो. अशा गाडीतून काळा धूर निघत असेल, तर तो फिल्टर फुटला आहे की कोणी काढूनच टाकला आहे, हे विचारावे.

पाहणीची वेळ शक्यतो सकाळची ठरवावी आणि आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये, असे विक्रेत्यास आधीच सांगावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर व्हॉल्व्ह सीलची परीक्षा त्या दिवशी होणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सोबत्याला मागे उभे करून गाडी सुरू करावी, काही मिनिटे तशीच चालू ठेवावी, मग रेस द्यावी. नंतर चढावर नेऊन आरशातून मागे पाहावे.

निळा धूर दिसूनही गाडी मनात भरली असेल, तर बयाणा देण्यापूर्वी गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांहून ठळकपणे कमी भरला, तर दुरुस्तीचा लेखी अंदाज मागून तेवढी रक्कम किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. किंमत उतरली की पदरची रक्कम आणि कर्ज, दोन्हींचा भार हलका होतो.