अडीच सेकंदांचं गणित : शिकागो बेअर्सचं नेमकं दुखणं काय होतं?

फुटबॉल म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर लगेच दोन पक्ष पडतात. एक मँचेस्टरवाल्यांचा, दुसरा बार्सिलोनावाल्यांचा. पण या लेखातला फुटबॉल तो नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. यात चेंडू अंड्यासारखा लांबट असतो, खेळाडू हेल्मेट आणि पॅड्स घालून उतरतात, आणि पायांचा उपयोग मुख्यतः पळायलाच होतो!

माझा मामेभाऊ शिकागोजवळ राहतो. तिथला संघ म्हणजे शिकागो बेअर्स. 2024 च्या सीझनमध्ये दर सोमवारी सकाळी त्याचा एकच मेसेज यायचा, "परत हरलो. नवीन पोरगा आणूनसुद्धा तेच!" हा नवीन पोरगा म्हणजे केलेब विल्यम्स. तेव्हा त्याचं वय जेमतेम 22-23, म्हणजे आपल्या फायनल इयरवाल्यांच्या बरोबरीचाच. अख्खं शहर त्याच्या नावाने खडे फोडत होतं. मला प्रश्न पडला, अकरा जणांचा खेळ एका माणसामुळे एवढा बिघडू शकतो का? वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की हे प्रकरण दिसायला परदेशी असलं तरी आतून आपल्याच सिलॅबसमधलं आहे.

आधी खेळ समजून घेऊ

मैदान 100 यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे आहे तो संघ म्हणजे ऑफेन्स. त्यांना चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. 10 यार्ड म्हणजे किती? क्रिकेटच्या पिचच्या निम्म्याहून थोडं कमी. जमलं तर पुन्हा नवे चार प्रयत्न. असं करत करत शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की टचडाउन, त्याचे 6 पॉइंट. प्रत्यक्षात वापरायला तीनच प्रयत्न मिळतात, कारण तीनमध्ये जमलं नाही तर चौथ्या वेळी बहुतेक संघ चेंडू लाथाडून लांब पाठवून देतात.

आता माणसं. मधोमध पाच धिप्पाड गडी ओळीने उभे असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांच्यामागे क्वार्टरबॅक. बाकीचे पळणारे आणि झेलणारे. लाइनमधला मधला माणूस चेंडू पायांमधून मागे देतो आणि घड्याळ सुरू होतं. समोरचे बचावपटू क्वार्टरबॅकला आडवं करायला धावतात. पाच जणांनी त्यांना अडवायचं, तेवढ्यात झेलणाऱ्यांनी ठरलेल्या वाटेने पळून मोकळं व्हायचं, आणि क्वार्टरबॅकने मोकळा माणूस हेरून फेकायचं. या सगळ्याला वेळ किती? साधारण अडीच सेकंद! हे वाक्य वाचायला तुम्हाला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी.

त्या वेळात चेंडू हातातून सुटला नाही आणि क्वार्टरबॅक आडवा झाला, की त्याला सॅक म्हणतात. (आपली पाठीवरची सॅक नव्हे, पण वजन तेवढंच!)

2024 मध्ये काय झालं?

बेअर्सनी 2017 मध्ये मिच ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक ड्राफ्टमधून घेतला, दुसऱ्या क्रमांकावर. चाललं नाही. 2021 मध्ये जस्टिन फील्ड्स आणला. चाललं नाही. एप्रिल 2024 मध्ये पहिल्याच क्रमांकावर केलेब विल्यम्सला उचललं. हा कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, म्हणजे 2022 ची हाइजमन ट्रॉफी, मिळवलेला खेळाडू. झेलायला डीजे मूर, अनुभवी कीनन अ‍ॅलन आणि नवा कोरा रोम ओडुन्झे. कागदावर टीम एकदम झकास.

सुरुवातही बरी झाली. पहिल्या सहापैकी चार सामने जिंकले. मग मात्र गाडी घसरली ती घसरलीच. सलग दहा पराभव. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅरिझोनाविरुद्ध 29-9 आणि न्यू इंग्लंडविरुद्ध घरच्या मैदानावर 19-3, म्हणजे लागोपाठ दोन सामन्यांत एकही टचडाउन नाही. न्यू इंग्लंडच्या त्या एका सामन्यात विल्यम्स 9 वेळा सॅक झाला. शेवटी 17 सामन्यांत 5 विजय, 12 पराभव. सामन्यामागे किती यार्ड मिळवले या हिशोबात 32 संघांत बेअर्स शेवटचे. आणि विल्यम्स सीझनभरात 68 वेळा सॅक झाला. म्हणजे दर सामन्यात सरासरी बरोबर 4 वेळा.

लोकांचं निदान तयार होतं : पोरगा कच्चा आहे, त्याला बसवा. म्हणजे 2017 आणि 2021 मध्ये काढलेलाच निष्कर्ष पुन्हा!

पाच जणांची साखळी

इथे रिलायबिलिटीचा धडा आठवा. सिरीजमध्ये जोडलेले पाच घटक असतील, तर पूर्ण सिस्टिमची रिलायबिलिटी म्हणजे पाचही आकड्यांचा गुणाकार. बेरीज नाही, सरासरी नाही... गुणाकार! ऑफेन्सिव्ह लाइनचं तसंच आहे. चार जणांनी आपापला गडी अडवला आणि पाचव्याचा सुटला, तर क्वार्टरबॅक आडवा तो आडवाच.

समजा प्रत्येक जण 100 पैकी 95 वेळा आपलं काम चोख करतो. परीक्षेत 95 म्हणजे डिस्टिंक्शनच्याही वर. पण 0.95 चा पाच वेळा गुणाकार करा, उत्तर येतं 0.77. म्हणजे दर चार-पाच प्रयत्नांत एकदा भिंतीला भगदाड. प्रत्येकाचे 90 धरले तर 0.59. आणि आता गंमत बघा. चार जण 98 वाले आणि एकच 80 वाला असेल तर? उत्तर 0.74. पाच साध्या 95 वाल्यांपेक्षाही वाईट! म्हणजे चार हिरे आणून उपयोग नाही, पाचवा दुवा कच्चा असेल तर सगळं मुसळ केरात.

हे गणित ढोबळ आहे हे मलाही कळतं. भगदाड पडलं म्हणजे दर वेळी सॅक होतोच असं नाही, आणि पाच जण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, शेजारच्याला मदतही करतात. पण नेमकी तीच मदत 2024 मध्ये कमी पडली. दुखापतींमुळे लाइनमधली माणसं वारंवार बदलत राहिली. "हा गडी तुझा की माझा?" हे क्षणार्धात न बोलता ठरावं लागतं. ते रोज शेजारी उभं राहूनच जमतं.

एका सॅकची किंमत

एका सॅकमध्ये समजा 7 यार्ड गेले. म्हणजे "तीन प्रयत्नांत 10" ऐवजी आता "दोन प्रयत्नांत 17". एवढं अंतर कापायला लांब फेकावंच लागतं. लांब फेकायचं तर झेलणाऱ्याला लांब पळू द्यावं लागतं, म्हणजे जास्त वेळ थांबावं लागतं. आणि समोरच्यांनाही कळतं की आता हे पळणार नाहीत, फेकणारच. ते दुप्पट जोराने घुसतात. पुन्हा सॅक! कंट्रोल सिस्टिम्सवाले याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतील. नावात पॉझिटिव्ह असलं तरी परिणाम काय होतो ते ऑडिटोरियममध्ये माइक स्पीकरसमोर नेल्यावर आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

म्हणून पहिल्या प्रयत्नात साधे चार यार्ड पळून मिळवणं फार मोलाचं. ते मिळाले की समोरच्याला अंदाज येत नाही, पळणार की फेकणार. तो क्षणभर थबकतो, आणि तोच क्षण क्वार्टरबॅकला बोनस मिळतो. बेअर्सना हा बोनस क्वचितच मिळायचा.

पोराची काहीच चूक नव्हती का?

होती की! उगाच एकतर्फी वकिली नको. कॉलेजमध्ये विल्यम्स घोळक्यातून निसटून, गोल गोल पळून, पाच-सहा सेकंदांनी जादू करायचा. ती सवय इथे महागात पडली, कारण एनएफएलमधले बचावपटूही तेवढेच चपळ. बऱ्याच वेळा चेंडू बाहेर फेकून देऊन सुटता आलं असतं, तरी तो धरून बसला. त्यामुळे 68 पैकी सगळे सॅक लाइनच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

पण ही सवय मोडायची कशी? रोज वेळेवर मोकळा माणूस दिसला, भिंत टिकली, तर मन शांत राहतं आणि चेंडू वेळेत सुटतो. दर चौथ्या वेळी कोणीतरी अंगावर येणार असेल, तर माणूस समोर बघायच्या ऐवजी अंगावर येणाऱ्यालाच बघायला लागतो. म्हणजे त्याचं बिघडणं हे थोडं कारण आणि बरंच परिणाम होतं.

डोकं कोणाचं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चाल बाहेरून ठरते. ऑफेन्सचा कोच क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर चाल सांगतो. दोन चालींमधलं घड्याळ 40 सेकंदांचं, आणि 15 सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. पुढे पोरगा एकटा. त्यामुळे चाल लवकर, स्पष्ट आणि मागच्या चालीशी सुसंगत यावी लागते.

बेअर्समध्ये चाल सांगणारे शेन वॉल्ड्रन यांना न्यू इंग्लंडविरुद्धच्या पराभवानंतर दोनच दिवसांनी, 12 नोव्हेंबर 2024 ला काढलं. ती जबाबदारी थॉमस ब्राउन यांच्याकडे आली. मग 28 नोव्हेंबरचा डेट्रॉइटचा सामना. बेअर्स 23-20 ने मागे, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ शिल्लक, खेळ थांबवायला हातात एक टाइमआउटही शिल्लक. विल्यम्स सॅक झाला. टाइमआउट कोणी घेतलाच नाही! घड्याळ पळत राहिलं, शेवटची एक फेक हुकली आणि सामना संपला. दुसऱ्या दिवशी मुख्य कोच मॅट एबरफ्लस यांची हकालपट्टी. सीझनच्या मध्यात मुख्य कोच काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. ब्राउन प्रभारी मुख्य कोच झाले.

विचार करा. सेमिस्टर अर्धी झाल्यावर गाइड बदलला, आणखी दोन-तीन आठवड्यांनी एचओडी बदलले, आणि प्रोजेक्ट मात्र त्याच तारखेला सबमिट करायचा आहे!

2025 : प्रयोगशाळेतला पुरावा

खरी मजा पुढे आहे. जानेवारी 2025 मध्ये बेअर्सनी डेट्रॉइटच्या ऑफेन्सचे सूत्रधार बेन जॉन्सन यांना मुख्य कोच केलं. आणि या वेळी क्वार्टरबॅक बदलला नाही. लाइन बदलली! कॅन्सस सिटीहून जो थुनी, लॉस एंजेलिसहून जोना जॅक्सन, अटलांटाहून मधला माणूस ड्रू डॉलमन. आतले तिन्ही दुवे नवे. पळण्याच्या खेळावर भर दिला, आणि चाल कोणती, उभं कुठे राहायचं, पाऊल कधी टाकायचं, याची घोटून घोटून तयारी.

जादू लगेच झाली नाही. पहिले दोन्ही सामने हरले, दुसरा तर डेट्रॉइटकडून 52-21 ने. पण शेवटी 17 पैकी 11 विजय, आणि 2018 नंतर प्रथमच आपल्या गटाचं विजेतेपद. 10 जानेवारी 2026 ला प्लेऑफमध्ये ग्रीन बेविरुद्ध मध्यंतराला 21-3 ने मागे असताना 31-27 ने जिंकले. पुढच्या फेरीत लॉस एंजेलिस रॅम्सनी जादा वेळेत 20-17 ने हरवलं, पण तोवर मामेभावाच्या मेसेजची भाषा पार बदलली होती.

आणि विल्यम्स? 68 सॅकवरून 24 वर. 3,942 यार्डांची फेक, म्हणजे एका सीझनमधला बेअर्सचा नवा विक्रम. सगळ्यात बोलका आकडा मात्र वेगळाच आहे. त्याच्या 100 फेकींपैकी 2024 मध्ये साधारण 62 झेलल्या गेल्या होत्या, 2025 मध्ये फक्त 58! म्हणजे वैयक्तिक मार्कशीटवर टक्के घसरले आणि संघ मात्र वर गेला. एका वर्षाचा अनुभव, झेलणारे काही नवे गडी, हेही धरायला हवं. एकच व्हेरिएबल बदललेला हा शुद्ध प्रयोग नव्हे. तरीही जो माणूस काढून टाका म्हणत होते, तोच माणूस ठेवून आजूबाजूचं दुरुस्त केल्यावर यंत्र चालू झालं, हे तर डोळ्यांसमोर आहे.

आपल्याकडे प्रोजेक्टचा डेमो फसला की ज्याच्या हातात माउस असतो त्याच्यावर सगळे तुटून पडतात. चार महिने मागे कोण काय करत होतं, कोणाचं सर्किट आदल्या रात्री दोन वाजता सोल्डर झालं, हे कोणी विचारत नाही, कारण ते स्टेजवर दिसत नाही. सॅक होतो तेव्हासुद्धा कॅमेरा आडव्या पडलेल्या क्वार्टरबॅकवरच असतो. पुढच्या वेळी मॅच बघाल तेव्हा चेंडू सोडून त्या पाच जणांकडे बघा, खेळ लवकर कळतो.

असो. रविवारी दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहा नाहीतर साडेअकराला सुरू होतात. तेव्हा टीव्ही रूम बारानंतरही उघडी ठेवावी अशी विनंती रेक्टर सरांना कोणीतरी करा. मी केली तर फक्त माझ्यावरच सॅक यायचा!