लुआ-विभागांतील अक्षरगणना व दोषशोधन

मराठी विकिपीडियात एकाच स्वरूपाची माहिती अनेक पानांवर मांडण्यासाठी ‘साचा’ योजतात. साच्यास गावाचे नाव, तालुका, जनगणनेचे वर्ष अशी प्राचले पुरविली की माहितीचौकट सिद्ध होते. तथापि गणित व शब्दांची छाननी या दोन्ही कामांस साच्याची मूळ भाषा तोकडी पडे, आणि तिच्यातील महिरपी कंसांचे जंजाळ खुद्द कर्त्यासही पुढे उलगडत नसे. २०१३ साली स्क्रिब्युन्टो ही जोड विकिमीडियाच्या प्रकल्पांत दाखल झाली आणि हे काम लुआ भाषेतील आज्ञावलीवर सोपविता येऊ लागले. लुआ ही १९९३ साली रिओ द जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली भाषा. तिच्यातील आज्ञावलीच्या पानास मराठी विकिपीडियात ‘विभाग’ म्हणतात. संज्ञा फारशी अर्थवाही नाही. पण ती रूढ आहे.

एका विभागावर असंख्य पाने विसंबून असतात. म्हणून त्यातील एक चूक त्या सर्व पानांवर एकदम उमटते. मराठीपुरते पाहता अशा पुष्कळशा चुकांचे मूळ एकच असते: यंत्र जे मोजते ते आपले अक्षर नव्हे.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे नाव घ्यावे. वाचकाच्या दृष्टीने त्यात पाच अक्षरे आहेत. युनिकोड दोन्ही उकार स्वतंत्र धरते, म्हणून संकेतांक सात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट व्यापतो, म्हणून बाइट एकवीस. लुआचे मूळचे ‘स्ट्रिंग.लेन’ एकवीस हे उत्तर देते, तर स्क्रिब्युन्टोने पुरविलेले ‘एमडब्ल्यू.युस्ट्रिंग.लेन’ सात. पाच हे उत्तर दोहोंपैकी कोणीच देत नाही. पहिल्या प्रकारच्या फलनाने नावाचे चार बाइट कापले असता ‘म’ आणि एका अक्षराचा निरर्थक तुकडा हाती येतो. दुसऱ्याने तीन संकेतांक घेतले असता ‘मुक’ उरते. पहिली चूक डोळ्यांत भरते. दुसरी शुद्ध मराठीसारखी दिसत असल्याने अधिक घातक होय.

अंकांची कथा याहून बोलकी आहे. साच्यात ‘२०११’ असे वर्ष दिले आणि विभागाने ते चालू वर्षातून वजा करावयाचे ठरविले, तर ‘टूनंबर’ या फलनास देवनागरी अंक कळत नाहीत. ते ‘निल’, म्हणजे अभाव, परत करते. वजाबाकीच्या ओळीवर तांबड्या अक्षरांत दोष उमटतो, परंतु दोष त्या ओळीत नसतो. यावर भाषेचे अंक जाणणारे ‘पार्सफॉरमॅटेडनंबर’ योजावे. काही जण त्याऐवजी ‘०’ ते ‘९’ असा अक्षरवर्ग मूळच्या ‘स्ट्रिंग.जीसब’ला देतात. तेथे वर्ग अंकांचा न राहता त्यांच्या बाइटांचा होतो. देवनागरीतील प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट त्यात सापडतो, आणि अंक गाळण्याच्या आज्ञेने मुकुटबन हे नावच छिन्नभिन्न होते.

रिकामे प्राचल हा आणखी एक सापळा. साच्याच्या जुन्या भाषेत रिकामी जागा असत्य ठरते, लुआत रिकामी स्ट्रिंग सत्य असते. जुन्या साच्यावरून विभाग रचणारा येथे हमखास फसतो.

दोषशोधनासाठी संपादनपेटीखालील दोषशोधन-फलक उपयोगी पडतो. तेथे फलनास थेट नाव देऊन उत्तर पाहता येते, आणि ‘एमडब्ल्यू.लॉग’ने मधल्या टप्प्यांवरील मूल्ये नोंदविता येतात. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: हाती आलेले मूल्य स्ट्रिंग आहे, संख्या आहे की निल? बदल प्रथम धूळपाटीवर करावा आणि तो विभाग वापरणाऱ्या एखाद्या पानाची झलक पाहूनच जतन करावा.

चाचणीस मुकुटबन हे एकच नाव मात्र पुरणार नाही, कारण त्यात जोडाक्षर नाही. व्यंजन व त्यामागून येणारी मात्रा मिळून एक अक्षर, हा नियम तेथे बिनचूक चालतो. दिग्रस घेताच तो कोसळतो: तीन अक्षरांच्या या नावात संकेतांक सहा आहेत, आणि हलन्ताचा विचार न करणारा विभाग ‘ग्र’ मधोमध तोडतो.